सल्ल्याचे दान



२०१६ सालच्या पावसाळ्यातील गोष्ट आहे. आपल्या ओळखीच्या एका कुटुंबाचा कर्ता माणूस उमरेड रोडकडच्या एका बांधकामावर मजुरी करीत असे. एके दिवशी तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला आणि मेडिकलमध्ये नेईपर्यंत त्याचा प्राण गेला. वय पस्तीस वर्षांचे. मागे पत्नी आणि दोन लहान मुले.

त्या वेळी आपण जमेल ते केले. अंत्यविधीचा खर्च वर्गणीतून झाला. मुलांची शाळेची फी एका भगिनीने भरली. तीन महिने किराणा देण्याचे ठरले आणि ती जबाबदारी माझ्याकडे आली. सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारातून तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर घेऊन मी त्यांच्या खोलीवर पोचवीत असे. परत येताना मनाला समाधान वाटे. रविवारी मिस्साला उभा राहिलो की ते समाधान थोडे अधिकच वाटे, हे मी प्रांजळपणे कबूल करतो.

ठेकेदाराने त्या बाईला वीस हजार रुपये दिले होते आणि एका कागदावर तिचा अंगठा घेतला होता. हिशेब पूर्ण झाला, यापुढे काही मागणे नाही, असा त्यात मजकूर होता. तो कागद तिने मला दाखवला. मी तो वाचला, घडी करून परत दिला आणि म्हणालो, "निदान एवढे तरी दिले त्याने."

तीन वर्षांनी एका कायदेविषयक शिबिरात रेशनकार्डाच्या कामासाठी तिला घेऊन गेलो. तेथे एका तरुण वकील बाईंनी सहज विचारले, "मालक कशाने वारले?" मग त्यांनी तो कागद मागितला आणि आम्हाला समजावून सांगितले. तेव्हा लागू असलेल्या १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याप्रमाणे कामावर मृत्यू झाला तर मालकाने भरपाईची रक्कम आयुक्तांकडे जमा करावयाची असे. परस्पर दिलेल्या पैशांनी तो मोकळा होत नाही. हक्क सोडल्याचा अंगठा कायद्यापुढे टिकत नाही. त्या काळी हिशेबासाठी महिन्याचे वेतन जास्तीत जास्त ८,००० रुपये धरले जाई. त्याचे निम्मे ४,०००. पस्तीस वर्षांच्या वयासाठी कायद्याच्या तक्त्यातील आकडा १९७.०६. दोहोंचा गुणाकार ७,८८,२४० रुपये. दावा करण्याची मुदत तेव्हा दोन वर्षांची होती. ती उलटून गेली होती. सबळ कारण दाखवले तर उशीर माफ होऊ शकतो, असेही त्या म्हणाल्या.

परंतु ठेकेदार केव्हाच दुसरीकडे निघून गेला होता. बरोबरचे मजूर आपापल्या गावी परतले होते. बाईजवळ त्या एका कागदाशिवाय काही पुरावा नव्हता आणि कोर्टकचेरी करण्याचे बळही उरले नव्हते. तिने दावा केला नाही. बाहेर पडताना तिने मला एवढेच विचारले, "भाऊ, मंग हे तवाच काऊन नाही सांगतलं जी?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. पण तो प्रश्न अजून माझ्यापाशी आहे, आणि आज तो तुमच्यापुढे ठेवावा असे वाटते.

"मला कायदा माहीत नव्हता, यात माझा काय दोष?" असे मी पुष्कळदा स्वतःला समजावले. ते खरेही आहे. पण मग दुसरा प्रश्न उभा राहतो. ज्याला माहीत आहे अशा माणसाकडे तिला नेता आले असते. असा माणूस आपल्या आसपास, गरिबाला परवडेल अशा रीतीने, बसलेला का नव्हता? कारण त्याला बसवण्यासाठी कोणी पैसा दिला नव्हता. मी किराण्याला पैसे दिले होते, चर्चच्या छपराला दिले होते, नाताळच्या ब्लँकेटांना दिले होते. गरिबाला वकिलाचा सल्ला मिळावा म्हणून मी आयुष्यात एक रुपयाही दिला नव्हता. हे दान असू शकते असे मनातही आले नव्हते.

पुष्कळ जण म्हणतील, हे सरकारचे काम आहे. तसे ते आहेच. १९७६ साली आपल्या संविधानात ३९-अ हे कलम घालण्यात आले. पैशाअभावी कोणाला न्याय नाकारला जाऊ नये, यासाठी राज्याने मोफत कायदेविषयक साहाय्य द्यावे, असा त्याचा आशय आहे. १९७८ साली होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की गरीब कैद्याला वकील देणे ही सरकारची मेहेरबानी नसून ते त्याचे कर्तव्य आहे. पुढे १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, औद्योगिक कामगार, कोठडीतील माणसे यांना त्याखाली उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे.

आपल्या राज्यातील आणखी एक निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या पोलीस कोठडीतील स्त्रियांच्या हालांविषयी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले आणि कारागृहात जाऊन स्त्रियांशी बोलण्याचे काम निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांवर सोपवले. हे महाविद्यालय आपल्याच कॅथोलिक भगिनींनी १९५५ साली मुंबईत सुरू केलेले. १९८३ च्या निकालात न्यायालयाने सांगितले, की अटक होताच पोलिसांनी जवळच्या विधी साहाय्य समितीला कळवावे, समितीने तत्काळ मदत करावी आणि त्यासाठी लागणारा निधी राज्य सरकारने समितीला द्यावा. शेवटचा आदेश मला फार शहाणपणाचा वाटतो. हक्क जाहीर करणे सोपे असते. तो हक्क घेऊन कोठडीपर्यंत जाणाऱ्या माणसाचे भाडे आणि पगार कोणी तरी द्यावाच लागतो.

आता प्रत्यक्ष खर्च किती होतो ते पाहू. 'इंडिया जस्टिस रिपोर्ट'च्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे आपल्या देशात कायदेविषयक साहाय्यावर माणशी वर्षाला सुमारे सहा रुपये खर्च होतात. सक्करदरा चौकात एवढ्यात एक कप चहाही मिळायचा नाही.

पैसा वाढला तरी एक उणीव राहते. सरकारी व्यवस्थेत वकील मिळतो तो बहुधा खटला उभा राहिल्यावर, किंवा माणूस स्वतः अर्ज घेऊन गेल्यावर. आमच्या त्या बाईचा खटला उभाच राहिला नव्हता. आपल्यावर अन्याय झाला आहे आणि त्यावर कायद्यात उपाय आहे, हेच तिला ठाऊक नव्हते. तिला वकिलाआधी हवे होते ते तिचा कागद हातात घेऊन "हे खरे नाही" असे सांगणारे माणूस. हे काम वस्तीत बसणाऱ्या सेवाभावी संस्था अधिक चांगले करतात. १९८७ च्या कायद्यानेही हे ओळखले आहे; त्याच्या चौथ्या कलमात स्वयंसेवी संस्थांना ठरावीक योजनांसाठी अनुदान देण्याची तरतूद आहे. आपल्या नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात आणि येरवड्यात 'फेअर ट्रायल प्रोग्राम' या उपक्रमाखाली तरुण वकील आणि समाजकार्यकर्ते राज्य प्राधिकरणाच्या सहकार्याने २०१९ पासून कच्च्या कैद्यांच्या खटल्यांत लक्ष घालू लागले. सरकार आणि संस्था मिळून काय करू शकतात, याचे हे जवळचे उदाहरण.

परंतु अशा संस्थांना पैसा मिळणे कठीण असते. कंपनी कायदा, २०१३ प्रमाणे मोठ्या कंपन्यांनी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावयाचे असतात. त्यासाठी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात कामांची यादी आहे. तीत भूक, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण, खेळ, वारसास्थळे आहेत. मोफत कायदेविषयक सल्ल्याचे नाव त्या यादीत नाही. विषमता कमी करण्याच्या सदरात तो ओढूनताणून बसवावा लागतो. परदेशी देणगीच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली. त्यानंतर एका संस्थेने आपल्याला मिळालेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देणे बंद झाले आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आली. मोठ्या संस्थेच्या आधारावर जगणाऱ्या लहान संस्थांना तो आधार उरला नाही. शिवाय देणगी येते ती एक-दोन, फार तर तीन वर्षांसाठी. दिवाणी दावा त्याहून जास्त चालतो. देणगी संपली की सल्लागार जातो आणि अर्ध्यावर सुटलेला माणूस पूर्वीपेक्षा अधिक अडचणीत सापडतो, कारण आता त्याने मालकाशी वैरही घेतलेले असते.

म्हणजे शेवटी प्रश्न तुमच्या-माझ्यासारख्या देणाऱ्यांपर्यंत येतो. आपण किराणा देतो आणि सल्ला देत नाही, हे असे का?

एक कारण अगदी साधे आहे. किराणा दिसतो. पिशवीचा फोटो काढता येतो. सल्ला दिसत नाही. एका बाईला तिचा हक्क समजला, याचा फोटो कसा काढणार?

दुसरे कारण असे, की कोर्टकचेरीला आपण भांडण समजतो आणि ख्रिस्ती माणसाने भांडणे लावू नयेत असे आपल्याला वाटते. ही भीती अगदीच खोटी नाही. विनाकारण दावे लावून गरिबाला नागवणारेही जगात आहेत. पण म्हणूनच तर पैशासाठी दावा न लावणारा सल्लागार हवा. चांगला सल्लागार पुष्कळदा "कोर्टात जाऊ नका, एक पत्र लिहू, मालकाला भेटू" असेच सांगतो. आणि लूकच्या शुभवर्तमानातील त्या विधवेची आठवण ठेवावी. ती अन्यायी न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा जाऊन न्याय मागते. प्रभू येशूने प्रार्थनेत न थकण्याचा धडा देण्यासाठी उदाहरण निवडले ते एका गरीब बाईच्या दाव्याचे. तिला त्याने भांडखोर म्हटले नाही.

तिसरे कारण मात्र खोल आहे आणि त्यावर आपण विचार केला पाहिजे. किराणा घेणारा माणूस आपले आभार मानतो. सल्ला मिळालेला माणूस उभा राहून प्रश्न विचारतो. तो "द्या हो" म्हणत नाही, "हे माझे आहे" म्हणतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने प्रापंचिकांच्या कार्याविषयीच्या दस्तऐवजात बजावले आहे, की न्यायाने जे देणे लागते ते आधी द्यावे, तेच दान म्हणून पुढे करू नये. त्या बाईला सात लाख अठ्ठ्याऐंशी हजार रुपये न्यायाने मिळायचे होते. आम्ही तिला तीन महिन्यांचा किराणा दिला आणि तिचे आभार घेतले. आमच्या दयेत खोट नव्हती, पण न्यायाची जागा रिकामी होती आणि आमच्या दयेने ती झाकली गेली.

आता सर्वांत अवघड गोष्ट सांगतो. समजा, आपण उद्या सल्ल्याचे टेबल सुरू केले. दर रविवारी मिस्सानंतर एक वकील येऊन बसतील, त्यांचे मानधन आपल्या वर्गणीतून जाईल. पहिल्याच रविवारी एक धुणीभांडी करणारी बाई येते आणि सांगते, की सहा महिन्यांचा पगार बाकी आहे. वकील विचारतात, कोणाकडे? आणि ती ज्या घराचे नाव घेते ते घर आपल्याच वर्गणीदाराचे निघते. किंवा आपल्याच एखाद्या संस्थेतून काढून टाकलेला शिपाई येतो. तेव्हा काय करायचे?

ज्याच्या पैशाने सल्ला मिळतो त्याच्याविरुद्ध तो मिळेल काय? माझ्या मते या दानाची खरी परीक्षा येथे आहे. किराणा आपल्यावर कधी उलटत नाही. सल्ला उलटू शकतो. सरकार पैसा देते आणि दाद महानगरपालिकेविरुद्ध मागायची असते. कंपनी पैसा देते आणि दाद तिच्याच ठेकेदाराविरुद्ध मागायची असते. देणाऱ्याने "आमच्याविरुद्ध सोडून बाकी सर्व चालेल" अशी अट मनात जरी ठेवली, तरी तो सल्ला राहत नाही, ती आपल्या लोकांची राखण होते. १९८७ च्या कायद्याने यावर एक उपाय योजला. पैसा सरकारचा असला तरी राज्यात मुख्य न्यायमूर्तींच्या आणि जिल्ह्यात जिल्हा न्यायाधीशांच्या देखरेखीखाली प्राधिकरण ठेवले, मंत्र्यांच्या हाती दिले नाही. पैसा देणारा हात आणि सल्ला देणारे तोंड वेगळे ठेवले.

आपल्यालाही तेच करावे लागेल. उजव्या हाताचे डाव्याला कळू नये, ही दानाविषयीची शिकवण आपण मोठेपणा टाळण्यासाठी आहे असे समजतो. येथे तिचा आणखी एक अर्थ लागतो. वर्गणी देणाऱ्याने विचारू नये, की या महिन्यात कोण आले आणि कोणाविरुद्ध आले. किती जण आले एवढे कळले तर पुरे. "किती खटले जिंकले?" असाही आग्रह धरू नये, कारण आकड्यांसाठी सल्लागार सोपी प्रकरणे घेऊ लागतो आणि अवघड माणसाला परत पाठवतो. आणि एकदा एखाद्याचा हात धरला तर त्याचे काम संपेपर्यंत पैसा पुरेल, अशी तजवीज आधी करावी. एक वर्ष थाटात आणि दुसऱ्या वर्षी कुलूप, यापेक्षा लहान आणि टिकणारे टेबल बरे.

वकिलांचे आश्रयदाते संत इवो यांचा सण १९ मे रोजी येतो. फ्रान्समधील ब्रिटनी प्रांतात १२५३ ते १३०३ या काळात ते होऊन गेले. ते धर्मप्रांताच्या न्यायालयात न्यायाधीश होते आणि गरिबांचे वकील म्हणून लोक त्यांना ओळखत. दुसऱ्या न्यायालयांत गरिबांची बाजू ते स्वतः मांडत आणि खर्चही पदरचा करीत. १३४७ साली त्यांना संतपद देण्यात आले. गरिबाच्या खटल्याचा खर्च देणे हे पवित्र काम आहे, हे ख्रिस्तसभेला तेव्हापासून ठाऊक आहे. विसरलो आहोत ते आपण.

मग आपण काय करू शकतो? मोठी संस्था काढण्याची ऐपत आपली नाही. तीन लहान गोष्टी मात्र होऊ शकतात. पहिली ही, की जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे आणि १५१०० हा मोफत हेल्पलाइन क्रमांक आहे, हे आपल्या प्रत्येक घरात आणि आपल्या घरी कामाला येणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत असावे. दुसरी ही, की प्राधिकरण विधी स्वयंसेवकांना प्रशिक्षण देते. आपल्यातील दोन-तीन निवृत्त मंडळींनी आणि तरुणांनी ते घ्यावे. तिसरी ही, की किराण्याच्या आणि ब्लँकेटांच्या वर्गणीतील एक हिस्सा सल्ल्यासाठी वेगळा काढावा आणि तो वर सांगितलेल्या रीतीने, म्हणजे कोणतीही अट न घालता, कमीत कमी पाच वर्षांसाठी द्यावा. किराणा बंद करा असे मी म्हणत नाही. भुकेल्याला आधी भाकर हवी. पण पिशवी पोचवताना त्या घरात एखादा कागद घडी करून ठेवलेला आहे काय, हे विचारायला शिकू या.

तिसऱ्या गोष्टीला होकार देण्याआधी प्रत्येकाने घरी जाऊन एक हिशेब करावा. माझ्याकडे कोणाचा पगार, कोणाचे भाडे, कोणाच्या वाटणीचा हिस्सा बाकी आहे काय? असेल तर त्या टेबलावर पहिले नाव कदाचित आपले येईल. तरीही मी वर्गणी देईन, असे ज्याला म्हणता येईल त्याचे दान खरे. मी स्वतः हा हिशेब केला तेव्हा दोन जणांचे देणे निघाले. ते आधी दिले आणि मग हा लेख लिहायला बसलो.

ती बाई आता मुलांसह माहेरच्या गावी असते. नाताळच्या सुमारास कधी फोन येतो. ती मुलांची ख्यालीखुशाली सांगते, आणि पूर्वीसारखेच आभार मानते. ते आभार घेताना आता मला अवघड वाटते. अशी दुसरी एखादी बाई आज आपल्या धर्मग्रामात असेल, तिच्या खोलीतही एक कागद असेल आणि त्याची मुदत रोज एकेका दिवसाने कमी होत असेल. तिने विचारण्याआधी आपण तिच्याकडे जावे, एवढी सद्बुद्धी प्रभू आपल्या सर्वांना देवो.